चढ

बँकॉकमध्ये जमिनीखाली उतरायचं
तर आधी सात पायऱ्या चढाव्या लागतात.
आमच्या स्टेशनाच्या त्या सात मी काढल्या आहेत,
पेन्सिल चावत, अठ्ठाविसाव्या वर्षी.

पाण्याची रेघ आधी, मग माणसं,
असंच शिकवलं होतं आम्हाला.
पूर जिथवर येईल त्याच्यावर एक वीत,
तिथे उंबरा.
आणि पूर आला,
कालव्यातून, गटारातून, कुणाला न विचारता,
सहाव्या पायरीला जीभ लावून बसला अकरा दिवस.
आत प्लॅटफॉर्म कोरडा ठणठणीत,
पंख्याखाली पहारेकरी डुलक्या घेत होता.
खात्यानं मला घड्याळ दिलं.

लमै लॉटरीची तिकिटं विकते
पायऱ्यांच्या डाव्या अंगाला,
चाकाच्या खुर्चीत, लाकडी पेटी मांडीवर.
निवृत्तीनंतर मी तिच्याकडून तिकीट घ्यायचो,
आणि एकदा उगाच, बढाई म्हणून, सांगून टाकलं
की ह्या पायऱ्या माझ्या.

तिनं सुटे पैसे मोजून दिले.
"पाणी आत जाऊ नये म्हणून ना?" म्हणाली.
"मग मीही पाणीच.
ते अकरा दिवस थांबलं.
मी चौदा वर्षं थांबलेय."

त्या रात्री घड्याळ काढून खणात ठेवलं.

उताराचं गणित सोपं असतं:
वीतभर चढायला बारा विती वाट.
सात पायऱ्यांची उंची एक मीटर पाच,
म्हणजे साडेबारा मीटर आणि वर चार बोटं.
आणि फुटपाथवर काय नाही!
प्राणोमचा शेवयांचा गाडा, विजेचा खांब,
मोटारसायकलवाल्यांचा बाक,
भूदेवतेचं चिमुकलं देऊळ,
त्यापुढे लाल सरबताची बाटली, नळीसकट.
टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं लमैनं.

"लिफ्ट आहे की पलीकडे," खात्यातला कित्ती म्हणाला.
होती. उंबरा न ठेवता बांधलेली,
चाकं सहज जावीत म्हणून.
लमैनं वाकून तिच्या दारात बोट टेकवलं:
"पाणी पहिलं इथे येतं.
तुम्ही उभे असता, तुम्हाला दिसत नाही.
माझे डोळे गटाराजवळ आहेत."

त्या एका वाक्यावर तीन बैठका झाल्या.
चौथीला तिला बोलावलं.
बैठक दुसऱ्या मजल्यावर होती,
जिन्यानं.
मग ती खाली भरली, प्राणोमच्या गाड्यापाशी,
आणि साहेबांच्या कागदांवर रस्सा सांडला.

आता उतार आहे. चढ म्हणा.
खांबाला वळसा घालून, देवळाला उजवी देऊन
मध्ये एकदा दम खात वर जातो.
नवी लिफ्टही तिथूनच सुरू होते, पाण्याच्या वरून.
गेल्या ऑक्टोबरात एका रात्री
रस्त्यावर गुडघाभर साचलं,
तेव्हा चढावर कोण कोण होतं:
दोन कुत्री, बॅग डोक्यावर घेतलेला एक प्रवासी,
गाडा ढकलत, शिव्या देत प्राणोम,
भरल्या दिवसांची एक नर्स,
आणि सगळ्यांच्या वर, ब्रेक लावून, लमै,
पेटी उघडून धंदा करत.

लिफ्ट मंगळवारपासून बंद आहे.
कागद चिकटवलाय: सुटा भाग यायचाय.
त्याखाली लमै रोज एक रेघ ओढते.
आज पाचवी.
मी तिकीट घेतलं,
शेवटचे आकडे एक, एक, दोन.
एकास बारा! मला हसू आलं.
लागलं नाही.