मापात

तीस वर्षं मी डेव्हेंटरच्या बाजारात तराजू तपासले.
चीजवाल्यांचे, मासेवाल्यांचे, एकदा एका सोनाराचा,
ज्याच्या पारड्याखाली मेणाचा ठिपका होता,
मुगाएवढा.
तो म्हणाला, मेणबत्ती गळली असेल.
म्हटलं, असेल. पण नेमकी इथेच?

आता जाहिरातींच्या तक्रार समितीवर बसतो,
गुरुवारी, दुसऱ्या मजल्यावर.
या खेपेची कंपनी लोकांची गुपितं राखते.
म्हणजे, राखतो म्हणते.

दुकानाच्या पाटीएवढी अक्षरं:
'आम्ही तुमचं काहीही साठवत नाही.'
मी चष्मा पुसला आणि पान सरकवत
तळघरापर्यंत उतरलो.
तिथे राखाडीवर राखाडी:
'सेवा सुधारण्यासाठी लागेल तेवढं सोडून.'
तेवढं म्हणजे केवढं?
अंक नसलेलं माप म्हणजे मूठ,
आणि मूठ कुणाची, ते आधी विचारायचं असतं.

एक घड्याळ उलटं धावत होतं:
सवलत संपायला चौदा मिनिटं.
मी खाली गेलो, कॉफी आणली,
नदीवरून जाणारी एक वाळूची बोट
पूर्ण जाईपर्यंत खिडकीत उभा राहिलो.
परत आलो. चौदा मिनिटं.

'बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासलेलं.'
शेजारी गोल, देखणा शिक्का.
त्यावर बोट टेकवलं, काही उघडलं नाही.
चित्र होतं नुसतं.
माझे शिक्के शिशाचे असत,
त्यांवर साल आणि माझा क्रमांक, एक्केचाळीस.
हा एक्केचाळीस कोण, म्हणून कुणीही
माझ्या दारावर येऊन भांडू शकत होतं.
दोघे आलेही.

'आमच्याविषयी'मध्ये सहा हसरे चेहरे, एक कुत्रा.
आडनाव एकालाही नाही.
दुसऱ्याचं पाहायचं वाकून,
आपलं ठेवायचं झाकून, हा जुनाच धंदा.
हे म्हणतात, आम्ही वाकत नाही.
बरं.
पण झाकलंय काय?

मी 'मापात पाप' असं लिहून मोकळा होणार होतो,
इतक्यात मदतीच्या पानावर, बावीस प्रश्नांखाली,
एक वाक्य सापडलं:
'तुमच्या जिवावर कुणी उठलं असेल,
तर एकट्या आमच्यावर विसंबू नका.'

सुनावणीला वकिलामागोमाग एक मुलगी आली,
यिस्का, सायकलचं हेल्मेट मांडीवर.
विचारलं, हे कुणी लिहिलं?
वकील म्हणाले, ते काढतोय आम्ही.
ती म्हणाली, मी.
आधी सगळ्यात वर होतं.
मग जरा खाली नेलं. मग अजून जरा.

दालनात रेडिएटर तेवढा वाजत होता.
आयुष्यभर मी पासंग शोधला,
पारड्याखाली चिकटवलेला खोटेपणा.
खरेपणाही असा लपवून ठेवतात,
हे या वयात कळलं.

निकालात लिहिलं: घड्याळ काढा.
शिक्का काढा, नाहीतर अहवाल दाखवा.
'काहीही'च्या शेजारी, त्याच आकारात,
काय काय साठवता ते लिहा.
आणि त्या मुलीचं वाक्य
होतं तिथे, वर, ठेवा.
शेवटचं कलम आमच्या अधिकारात बसत नाही,
असं अध्यक्षांनी सांगितलं.
ते खोडलं. खोडलेलं दिसेल, असं खोडलं.

संध्याकाळी आमच्या गल्लीतून चालत आलो.
इथे खिडक्यांना पडदे नसतात;
लुबर्ट सूप पितोय, त्याची बायको इस्त्री करतेय,
सगळं दिसतं,
आणि कुणाच्या घरात काय चाललंय
ते काही कळत नाही.

आता माझं सांगतो, वर लिहायला हवं होतं ते.
साली ब्याऐंशी, ब्रिंक चौकात,
एका हेरिंगवालीच्या काट्यात दहा ग्रॅमची चूक होती.
तिचा नवरा नुकताच गेला होता.
मी शिक्का मारला.
एक्केचाळीस.