हिरडीवरची रेघ

सेलूच्या त्या गल्लीत अकरा घरं,
पोटात एकच कळ.
पाणी तपासलं, चोख निघालं.
जंताच्या गोळ्या संपल्या.

मग मी वहीत उलटं शोधलं:
आजारी कोण नाही?
रुक्साना.
तिच्याकडं पितळ नाहीच,
चिंचेचं वरण जर्मनच्या पातेल्यात शिजतं.

देवनाळेबाईंनी एकेकाचा ओठ उचलला.
हिरडीवर निळी रेघ,
झरणीनं ओढावी तशी.

"कथील महागलं, साहेब.
शिसं मिसळायलो."
जिलानी कल्हईवाल्यानं हात पुढं केला.
मनगट लोंबतं,
भात्यावर ठरत नाही.

बारावा केसपेपर मी लिहिला.
टेबलावर दवाखान्याची किटली,
पोळ्याला त्यानंच उजळलेली.
घोट घेता घेता
जिभेनं हिरडी चाचपली.