वाहन : दु. टेंभरे

काल तृप्तीनं मोबाइलवर दाखवला
नंदेश्वर मॅडमचा तो जुना पेपर.
"बाबा, दोन हजार एकशे अठरा जणांनी याचा संदर्भ दिलाय."
संदर्भ म्हणजे?
म्हणजे आपलं लिहिताना सांगायचं, की हे मी तिथून घेतलं.
उसनवारीची नोंद, म्हटलं.
ती हसली. तसंच समजा.

मी जीप चालवायचो.
कोहमाऱ्यावरून आत, धानाच्या बांध्यांमधून,
सावरटोला, पुढे नाल्यापलीकडची सात गावं.
मॅडमच्या मांडीवर फॉर्मांची थैली,
पायाशी डबा, जो बहुतेक तसाच परत जायचा.

पहिल्या वर्षी त्या म्हाताऱ्यांना तीन शब्द द्यायच्या,
सफरचंद, टेबल, नाणं,
आणि पाच मिनिटांनी परत मागायच्या.
सितकुरा मेश्राम, बोडीवरचा ढीवर,
जाळ्याची गाठ न सोडता म्हणाला,
"बाई, जे मी खाल्लंच नाही
ते भुलू कसा?"

परतीला मॅडम गप्प.
फाट्यावर एकदम म्हणाल्या,
दुलीचंद, इथं कोणी विसरणार नाही असे तीन शब्द सांगा.
मी गिअर बदलत होतो.
मोह, म्हटलं. सूप. बोडी.
तेच तीन आज छापलेले आहेत, तक्ता दोन,
तृप्ती ते इंग्रजीतून वाचते तेव्हा
कोण्या परदेशी पाहुण्यांची नावं वाटतात.

तीनदा परत आला तो पेपर.
म्हणे गावं फार लहान आहेत.
आता गाव लहानच असते.
मॅडमनं अकरा वर्षं तीच गावं धरून ठेवली,
मी तीन जीप बदलल्या.

चौथ्या वर्षी सितकुराचा महिना गेला,
सहाव्या वर्षी झिमाबाई.
दारात ओल्या हातांनी उभी असायची,
हा मॅडमच्या कानाशी लागून सांगायचा,
"कोणाची हाय त मालूम नाही,
पण चांगली बाई हाय. भात देते."

त्याच दिवशी मॅडमनं घड्याळ लावलं :
एका मिनिटात येतील तितकी जनावरांची नावं सांगा.
त्यानं जनावरं सोडली, पाण्यात उतरला,
मरळ, शिवडा, शिंगूर, दाडक, पोष्टी...
एकोणीस मासे.
मिनिट कधीच संपलं होतं.
मॅडमनं पेन खाली ठेवलं होतं.

डोकं त्यानं आधीच बोलून ठेवलेलं,
शुद्धीवर होता तेव्हा, अंगठ्यासकट.
"मेलो की घेऊन जा, माह्या काय कामाचं.
पण तेरवीले या."
त्या रात्री नागपूरपर्यंत
मागच्या सीटवर बर्फाचा डबा,
आणि प्रत्येक ब्रेकरवर मी गाडी अशी उतरवली
जशी आत बाळंतीण आहे.

तेरवीला मॅडम आल्या.
पंगतीत मांडी घालून जेवल्या.
कोणी विचारलं, काय सापडलं त्यात?
म्हणाल्या, अजून काही नाही.
झिमाबाईनं त्यांना आणखी एक वाढा भात घातला.

पेपरात तो सहभागी क्रमांक सत्तेचाळीस.
मासे नाहीत. मासे कुठल्या रकान्यात घालणार?
आता त्या निवृत्त झाल्या, गुडघे बदलले,
आकडा सांगितला तर फोनवर म्हणाल्या,
"तो बघू नका हो दुलीचंद, तो आपोआप वाढतो."

तृप्ती खाली सरकवत नेते,
ब्राझील, जपान, कुठलं तरी थंड शहर,
तिथं कोणी टाइप करतो आहे मोह,
त्याला कोण सांगेल की ते फूल पहाटेला पडते
आणि वेचायला अस्वलाच्या आधी जावं लागते.

अगदी शेवटी, आभारांच्या शेवटी,
वाहन : दु. टेंभुरे.
नाव चुकवलं, ती रागावली.
राहू दे, म्हटलं, माणूस तर बरोबर आहे.

रात्री अंगणात खाट टाकून
मी माझीच परीक्षा घेतली.
मोह.
सूप.
तिसऱ्याला जरा वेळ लागला.
तृप्तीला हे सांगितलं नाही.