वजावट

सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या पगारातून कर कापला.
कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या नव्हे, त्यांना तेवढा पगारच नव्हता;
कापला तो सुपरवायझरचा, बर्फाच्या मशीनवरल्या मेस्त्रीचा,
आणि फेब्रुवारी आला की ते माझ्या टेबलाशी येऊन
आवाज खाली करून म्हणायचे,
"मॅडम, कायतरी करा ना."
मी करायचे. विम्याची पावती, पोराची फी,
आईला दिलेलं भाडं.

गेल्या मे महिन्यात फॅक्टरी बंद झाली.
शीतगृहाचा कॉम्प्रेसर थांबला तेव्हा कळलं,
इतकी वर्षं आपण एका आवाजाच्या आत राहत होतो.

आता नाट्याला, खाडीकडे तोंड करून बसलेल्या घरात
उत्पन्न शून्य,
आणि तरी पीएफमधून सव्वीस हजार चारशे गेलेले.
चार वर्षांपूर्वी मालकाने कंपनीचं नाव बदललं,
तेव्हा सगळ्यांची जुनी खाती नव्याला मीच जोडून दिली.
माझं राहिलं.
निदान पंधरा-जी भरायचा.
तो फॉर्म शंभर जणांना भरून दिलेला हा हात
स्वतःच्या नावाशी कसा अडखळला, देव जाणे.

राजापूरचे पळसुलेदेसाई म्हणाले,
"रिटर्न भरा, परत मिळेल. बेकाराचं काम सगळ्यात सोपं."
त्यांची फी आठशे. वर अठरा टक्के.
मी घरीच भरायला घेतलं.
व्यवसायाच्या यादीत बोट खाली खाली जात राहिलं,
दलाल, दंतवैद्य, मत्स्यपालन,
'इतर'वर येऊन थांबलं.

रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, आणखी काय वाचेल:
तांदूळ सुटा घ्यायचा, छापील पिशवीतला नको.
तिसऱ्यांना बिल नाही, ओहोटीला वाकायचं तेवढं.
घरपट्टी सप्टेंबरच्या आत, पाच टक्के सूट.
आमसुलं विकली तर शेतीचं उत्पन्न, माफ.
(पळसुलेदेसाई म्हणतील, रतांबा शेतीचा,
मीठ लावून वाळवलात की धंदा.
उन्हातलं फळ नेमकं कधी धंदा होतं?
तिसऱ्या पुटाला? पाचव्या?)
रिचार्ज मात्र चुकत नाही.
रिचार्जशिवाय नोकरी शोधता येत नाही,
म्हणजे नोकरी नसण्यावरही कर आहे,
दर अठ्ठावीस दिवसांनी.

पलीकडचे अब्बास सोलकर, म्हातारे तांडेल,
वही बघून हसले.
"आमच्या टायमाला दिवा विझवून होडी घालत रातची.
जकातवाला बंदरावर झोपलेला असायचा,
नाहीतर झोप विकत घेऊन दिलेली.
तू तर लाइट लावून चुकवतेस!"
"चुकवत नाही चाचा, वाचवते."
"फरक काय?"
फरक मला पाठ आहे, सोळा वर्षं लोकांना सांगितलाय.
त्या संध्याकाळी जिभेवर येईना.

त्यांच्या मुलाचा डिझेलचा परतावा दोन वर्षं अडकलेला.
मी अर्ज लिहून दिला, तीन प्रतींत.
दुसऱ्या सकाळी ओट्यावर केळीच्या पानात चार काळुंदरं,
एक अजून तोंड उघडत होतं.
हे उत्पन्नात धरायचं का? आजच्या भावाने?
की भेट?
आमसूल टाकून कालवण केलं.
पुरावा मांजराने नेला.

जुलैत, वीज गेलेली असताना, मोबाइल उजळला.
परतावा जमा: सव्वीस हजार चारशे.
शिवाय सरकारने चार महिन्यांचं व्याज दिलंय, पाचशे अठ्ठावीस.
हे व्याज करपात्र असतं,
लोक हमखास विसरतात, मी आठवण करून द्यायचे.

मेणबत्ती लावून वही काढली,
या वेळी पुढचं पान.
उत्पन्न: पाचशे अठ्ठावीस.
एप्रिलपासूनचं पहिलं.