गीझर बंद ठेवून

ऑगस्टात रास अल खैमात
थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही.
गच्चीवरच्या टाक्या दिवसभर भाजून निघतात.
म्हणून गीझर बंद ठेवायचा
आणि गरम पाण्याचा नळ सोडून थंड पाणी घ्यायचं.
नव्या माणसाला हे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी शिकवतं.
मला सुकुमारनं शिकवलं.
तेव्हा आम्ही बोलायचो.

आता रात्रपाळी.
मागे चिलर घरघरतोय,
मैथा मॅडम पडद्याला नाक लावून बसल्यात,
शजीर कपॅसिटर भरतोय, मोठ्यानं आकडे वाचत,
आणि मी,
इचलकरंजीत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात
तांब्याची तार गुंडाळून बोटं कडक झालेला,
ह्या पोलादी हंड्यात
माझ्या हातानं बसलेल्या दोन वेटोळ्यांची
काळजी करतोय.

हंडा रिकामा आहे.
म्हणजे किती रिकामा,
हे आईला फोनवर सांगता आलं नव्हतं.
त्यात चिमूटभर हायड्रोजन सोडायचा.
एक कडं वर पेटवायचं, एक खाली.
दोन्हींतला प्रवाह एकाच अंगानं फिरतो,
म्हणून ती एकमेकांकडे ओढली जातात.
पण जिथं भेटतात तिथं, नेमकं मधोमध,
एकाची बलरेषा बाहेर निघालेली असते
आणि दुसऱ्याची आत.
मॅडमनी हे फळ्यावर काढलं तेव्हा
मी नको इतका वेळ बघत राहिलो.

अण्णा वहिफणी करायचे.
संपलेल्या बिमाचं सूत नव्या बिमाच्या सुताला,
एकेक,
बोटांना राख लावून, नुसत्या पिळानं,
गाठ न मारता, दोन हजार वेळा.
मी हे सांगितलं.
मॅडम म्हणाल्या, ते सूत नव्हे, मगदूम.
तुटायला तिथं काही नाहीच.
आपल्याला समजावं म्हणून ओढलेल्या रेघा त्या.
पटलं.
तरी अंगठा तर्जनीवर फिरत राहिला.

तीन. दोन.
खिडकीत गुलाबी उजेड.
पापणी लवते त्याच्या हजाराव्या हिश्शात
मधला पडदा पातळ पातळ होत गेला,
वरच्याचं टोक खालच्याला लागलं,
खालच्याचं वरच्याला,
आणि इतका वेळ ताणलेलं सगळं
गलोलीसारखं दोन्हीकडे सुटलं.

आयनांचं तापमान अकरा लाख अंश.
मघाशी तीन लाख होतं.
बाहेर पार्किंगमध्ये, रात्री अडीच वाजता, एकोणचाळीस.

मॅडम हसल्या नाहीत. हिशेब मांडत बसल्या.
चुंबकातून किती गेलं, आयनांना किती आलं,
इलेक्ट्रॉनांना किती, भिंतीनं किती खाल्लं.
बारा टक्के कुठंच सापडेनात.
उद्या, म्हणाल्या.
शजीरनं सुलेमानी ओतली.
मी वहीत लिहिलं:
शॉट ४११७. वरचं वेटोळं ठीक. खालचं ठीक.

सुकुमार इथून पंचवीस किलोमीटरवर,
खोर खुवैरच्या चुनखडीच्या खाणीत डंपर चालवतो.
एकाच वर्षी आलो,
एकाच एजंटाच्या हातावर पैसे ठेवून.
मग दोन गुंठे आणि एक वाक्य.
सहा वर्षं.
वाक्य माझं होतं.

पावणेतीनला नंबर लावला.
चार वेळा वाजला. मग इंजिनाचा आवाज,
बोलेना कुणी.
काय बोलायचं ते मीही ठरवलं नव्हतं.
"पाणी लई गरम येतंय रे."
बराच वेळ नुसतं इंजिन.
मग, "गीझर बंद हाय न्हवं?"
"हाय."
"मग?"

फोन त्यानं ठेवला नाही.
मागं कुणीतरी शिट्टी मारली,
हौदा वर उचलला गेला असणार,
आणि दगड खाली येऊ लागले,
आधी एखाददुसरा,
मग सगळेच.