रुस्तावीच्या गाडीबाजारात

लामारा शिवणकाम करते; फीत गळ्यातच होती.
विकणारा म्हणाला, "एसयूव्ही म्हणजे ऐसपैस."
तिनं आधी हॅचबॅक मापली:
गुडघ्यापुढं एक वीत, डिकीत दोन पोती बटाटे.
मग ती दुसरी, छाती काढून उभी.
गुडघ्यापुढं वीत, वर दोन बोटं.
डिकी? तेवढीच.
"घेर ओव्हरकोटाचा," ती म्हणाली, "आत निघाला सदरा.
कापड सगळं अस्तरात गेलं."
तो सूर्यफुलाच्या बिया सोलत राहिला.

तेंगीझ तोवर हॅचबॅकमध्ये बसून बघत होता.
बसला खरा.
उठताना दाराची चौकट धरून थांबला,
काहीतरी आठवत असल्यासारखा.

लामारानं फीत पुन्हा काढली.
जमिनीपासून सीटपर्यंत,
मग, कुणाला न सांगता,
जमिनीपासून त्याच्या कमरेपर्यंत.