एकच बल्ब

तुम्ही सगळ्यांना सांगता,
तलावपाळीवर आठ दिवस उभा होतो हिच्यासाठी.
तीन.
चौथ्या दिवशी टायपिंगच्या फीची नोट मोडून
मीच भेळ घेतली, दोघांची.
तिखट तुम्हाला सोसलं नाही, ते सांगत नाही कुणाला.

मग वाशी. सिडकोचं घर,
खिडकीबाहेर चिखल, डास,
आणि दोन खोल्यांत मिळून एकच बल्ब.
जेवणं आटोपली की तुम्ही स्टुलावर,
मी खाली पदर पसरून.
गरम बल्ब पदरात यायचा
आणि पलीकडच्या खोलीपर्यंत
चार पावलांना
आपण किती वेळ लावायचो!

आता घरभर दिवे.
"कुमुद, बिल बघितलंस?" म्हणत
रात्री एकेक मालवत येता.
पॅसेजच्या अंधारात मी उभीच असते.
विचारलंत तर सांगेन,
गुडघा धरलाय.